जावयाच्या तळहाताचे फोड

आमच्या गावात काम न करणारे पुष्कळ होते. ज्याला काम करूच दिलं जात नव्हतं असा मात्र एकच होता, भगवंतराव.

भगवंतराव मूळचे वरवट बकालचे. आमचं गाव मोताळ्यापासून कोसभर. किसनरावांना शेत भरपूर, मुलगा नाही, कोकिळा ही एकुलती लेक. म्हणून त्यांनी भगवंतरावांना घरजावई करून आणलं. माणूस उंच, खांदे रुंद, मांड्या बैलासारख्या. मी विहिरी खोदायचो. आता गुडघे गेले म्हणून लिहितो. असा गडी माझ्याकडे असता तर हातात सब्बल देऊन मी त्याला खाली सोडला असता. किसनरावांनी त्याला पाट देऊन वर बसवला.

आमच्याकडे जावई एका घराचा नसतो, गावाचा असतो. किसनरावांचा जावई म्हणजे माझाही जावई आणि मशिदीमागच्या जहांगीरचाही. त्यानं घागर उचलली की चार बाया धावत सुटायच्या. गुरं पाण्यावर न्यायला निघाला की सालदार त्याच्या हातातून दावं काढून घ्यायचा. "तुम्ही काऊन, जवाईबुवा? आम्ही मेलो का?" दुसरे जावई दोन दिवस असे बसतात, पुरणपोळी खातात आणि आपल्या घरी जाऊन नांगर धरतात. याला जायला दुसरं घर नव्हतं. सहा वर्षं पाहुणचार चालू होता. तळहात असे मऊ पडले होते की बाजारातल्या कासाराला दाखवले असते तर त्यानं बांगड्या काढल्या असत्या.

एकोणसत्तर साली धोंड्याचा महिना आला. लोक जावयाला अनारसे देतात. किसनरावांनी लाल राजदूत फटफटी दिली. तिला हार घातला, हळदकुंकू लावलं, समोर नारळ फोडला. फटफटी जावयाची, पण किक मात्र जहांगीरची. किक मारायला जोर लागतो आणि जोर लावणं जावयाला शोभत नाही. जहांगीरचं मोताळ्याला फटफट्या आणि सायकली दुरुस्त करायचं दुकान होतं. तो सकाळी निघायच्या आधी येऊन किक मारून द्यायचा. भगवंतराव मोताळ्याच्या बाजारात जायचे आणि इंजिन बंद पडू नये म्हणून खाली न उतरताच भाजी घेऊन परत यायचे.

गावात दुसरी फटफटी हिंमतरावची होती, काळी बुलेट. हिंमतराव म्हणजे चाळीस एकराचा मालक आणि चारशे एकराचं तोंड. मोताळ्याहून बुलढाण्याला जाताना राजूर घाट लागतो. तो घाट हिंमतराव रोज चढायचा आणि रोज सांगायचा. "राजूर घाट ज्यानं चढला, त्याले हिमालय काय चीज हाय?" पुढच्या वर्षी त्यानं बद्रीनाथ धरलं. तिथवर आता मोटार जाते असं त्यानं कुठंतरी ऐकलं होतं.

एका संध्याकाळी मी किसनरावांच्या ओसरीवर विहिरीच्या गाळाचं बोलायला बसलो होतो. आत जेवणं चालली होती. भगवंतराव म्हणाले, "मामाजी, यंदा पेरणीले तिफण मी धरतो."

किसनरावांचा हात ताटात थांबला. "लोकं काय म्हणतीन? किसनरावानं जवाई आणला का सालदार?"

"म्हणू द्या."

"जमन तुमाले?"

"वरवटले धरतच होतो की."

किसनराव थोडा वेळ चावत राहिले. मग हसले. "एक करा. तो हिंमतराव बद्रीनाथ बद्रीनाथ करून राह्यला ना, त्याच्यासंगं जा. फटफटीवर. आपल्या ताकदीनं जा, आपल्या ताकदीनं या. मिरगाच्या आधी परत या. मंग तिफण तुमची. अर्जुना, तू आयकलं ना रे?"

"आयकलं," मी म्हणालो. अर्जुन म्हणजे मीच.

किसनरावांना वाटलं होतं, जावई बऱ्हाणपूरच्या पुढे जात नाही. जावयानं मात्र त्याच रात्री कपडे बांधले.

दुसऱ्या दिवशी किसनरावांच्या घरधनीण तानुबाईंनी मला, हिंमतरावला आणि जहांगीरला बोलावलं. हिंमतराव फटफटीचा मालक म्हणून, जहांगीर दुरुस्तीला म्हणून आणि मी ढकलायला म्हणून, अशी आमची निवड झाली होती. तानुबाईंनी आम्हाला चहा दिला आणि कपबशी खाली ठेवायच्या आत बजावलं, "माह्या लेकीच्या कुंकवाची आण हाय तुमाले. जवाईबुवाच्या हाताले काम लागू द्याचं नाही. तुम्ही त्याइचे साळे हा."

"काकू, फुलासारखं नेतो, फुलासारखं आणतो," हिंमतराव म्हणाला.

जहांगीरनं मान हलवली. "गावचा जवाई तो आमचाबी जवाई."

मी रिकामी कपबशी खाली ठेवली. चहा पिऊन झाला होता, म्हणजे आण लागली होती.

म्हणजे नवऱ्यानं सांगितलं की जावयानं आपल्या ताकदीनं जावं आणि बायकोनं सांगितलं की जावयाला ताकद लावू देऊ नये. तिफण का मिळणार नाही, हे भगवंतरावांना सोडून सगळ्यांना कळलं होतं.

अक्षय तृतीया झाल्यावर आम्ही निघालो. बुलेटवर हिंमतराव पुढे आणि मी मागे. राजदूतवर भगवंतराव पुढे आणि जहांगीर मागे. मलकापूर, बऱ्हाणपूर, खंडवा. जावयाबरोबर तानुबाईंच्या दशम्या होत्या, तुपाचा डबा होता, तीन बंड्या, कानटोपी आणि शाल. आमच्याबरोबर जावई होता.

पहिलं पंक्चर खंडव्याच्या पुढे झालं. भगवंतराव उतरून पाना शोधू लागले. हिंमतरावनं त्यांचा हात धरला.

"तुम्ही सावलीत बसा, जवाईबुवा."

"गाडी माही हाय."

"गाडी तुमची, पंक्चर आमचं."

जहांगीरनं चाक काढलं, मी हवा भरली. भर वैशाखातल्या दुपारी निंबाच्या सावलीत बसून तो धडधाकट माणूस आमच्याकडे पाहत होता. मी हवा भरताना त्याला मनात शिव्या देत होतो. त्यानं तोंड खाली घातलं तेव्हा बंद केल्या. काम चुकवून पाहत बसणाऱ्याचे हात मी ओळखतो. याचे हात मांडीवर वळवळत होते.

इंदूर गेलं, ग्वाल्हेर गेलं. सगळ्या वाटेत तेच. किक जहांगीरची, सामान माझ्या पाठीवर. धर्मशाळेत त्यांनी बादली उचलली की हिंमतराव ओरडायचा, "अर्जुना, डोये फुटले का? जवाईबुवानं बादली उचलली!" स्वतः हिंमतराव बादली बघायचाही नाही. बुलेट चढावर दमली तर मी उतरून ढकलायचो आणि तो वर बसून ओरडायचा, "जोर लाव!" वजन कमी करायचं असेल तर आधी कोण उतरायला हवं, हे त्याला कळत नव्हतं असं नाही.

हृषीकेशच्या पुढे डोंगर सुरू झाले. पहिल्या चढाला हिंमतराव मागे वळून म्हणाला, "हे तं आपल्या राजूर घाटाइतकंच हाय." दुसऱ्या चढालाही तेच म्हणाला. मग रस्ता कड्याच्या काठावर आला. खाली गंगा दोरीएवढी दिसू लागली. समोरून एक लष्करी ट्रक आला आणि आम्हाला कड्याकडच्या बाजूला थांबावं लागलं. देवप्रयागला पोचलो तेव्हा मी विचारलं, "राजूर घाट?" हिंमतराव म्हणाला, "चूप बस." त्या प्रवासात राजूर घाटाचं नाव नंतर निघालं नाही.

रुद्रप्रयाग, चमोली, जोशीमठ. जोशीमठला गेट होतं. पुढचा रस्ता अरुंद, म्हणून गाड्या आधी एका बाजूनं सोडायचे, मग दुसऱ्या. थंडी सुरू झाली होती. माझ्याकडे घोंगडी होती. जहांगीरनं शर्टाच्या आत वर्तमानपत्रं घातली होती; श्वास घेतला की वाजायचा. हिंमतरावनं लग्नातला कोट घातला होता, त्याची बटणं आता लागत नव्हती. भगवंतराव तिन्ही बंड्या, शाल आणि कानटोपी घालून असे दिसत होते की रस्त्यातली एक म्हातारी यात्रेकरू त्यांच्या पाया पडली.

तिथल्या चढावर मला दम लागू लागला. विहिरीच्या तळाशी हवा कमी असते, ते मला ठाऊक होतं. इथं वर गेलं की हवा कमी. गरिबानं खाली जाऊन मरावं आणि श्रीमंतानं पैसे खर्चून वर येऊन मरावं, अशी काही तरी सोय असावी.

हनुमानचट्टीच्या पुढे गाड्यांची रांग उभी होती. पुढे रस्ता नव्हता. रस्त्यावर नदी येऊन पडली होती. हिमनदी. तिथले लोक ग्लेशियर म्हणत होते.

हिमनदी म्हणजे पांढरीशुभ्र काही असेल असं मला वाटलं होतं. निघाली मळकी. जिनिंगच्या आवारात कापसाची गंजी पावसात भिजून काळी पडावी, तशी. आत दगड, माती, मोडलेली झाडं गच्च बसलेली. डोंगराच्या घळीतून ती रस्त्यापर्यंत उतरली होती आणि रस्ता ओलांडून खाली अलकनंदेत पाय सोडून बसली होती. नाव नदीचं आणि वाहणं नाही, याचं आम्हाला नवल नव्हतं. आमची नळगंगा उन्हाळ्यात तेच करते. जहांगीरनं एक तुकडा उचलला, उलटापालटा करून पाहिला आणि फेकून दिला. "याचा गोला विकला तं गिऱ्हाईक मारीन."

हिमनदीच्या मधून रस्त्याची टोळी वाट खणत होती. त्यांचा मुकादम बुटका, छाती पिंपाएवढी, टोपी भुवयांपर्यंत ओढलेली. तो रांगेतून बेलचे वाटत येत होता. बेलचा म्हणजे लांब दांड्याचं, रुंद पात्याचं फावडं. "जिसको आज-कल में ऊपर जाना है, वो बेलचा उठाए. जिसको नहीं जाना, वो वापस जोशीमठ!" बसचे क्लीनर, ट्रकवाले, धडधाकट यात्रेकरू उतरत होते. आमच्यापाशी येऊन त्यानं मला एक दिला, जहांगीरला एक, हिंमतरावला एक. चौथा भगवंतरावांपुढे धरला.

हिंमतराव मध्ये आला. "इनको मत दो. ये जमाई हैं."

"किसके?"

"हमारे गाँव के."

"मेरे गाँव के तो नहीं हैं ना?"

"इनकी सास ने कसम दी है हमको!"

मुकादम क्षणभर हिंमतरावकडे बघत राहिला. मग टोळीकडे वळून ओरडला, "अरे सुनो रे! बर्फ पर दामादजी आए हैं! कुर्सी लाओ!" टोळी हातातलं काम सोडून हसली. रांगेतले बसवाले हसले. मुकादमानं बेलचा पुन्हा पुढे केला. "दामादजी, इधर भी दामाद की बहुत इज्जत है. इज्जत से पकड़ो."

भगवंतरावांनी तो असा ओढून घेतला की मुकादम एक पाऊल पुढे आला. शाल काढून त्यांनी राजदूतवर टाकली. कानटोपी टाकली. दोन बंड्या टाकल्या. हिंमतराव "जवाईबुवा, जवाईबुवा" करत मागे पळाला, तोवर ते वाटेच्या तोंडाशी पोचले होते. हिंमतरावला मग डोंगराची डोकेदुखी झाली आणि तो बसमध्ये जाऊन बसला. त्याचा बेलचा बसला टेकून उभा राहिला. उभं राहण्यापुरता तो त्याच्यापेक्षा बरा होता.

भगवंतरावांनी वाईट काम केलं. मी शेजारीच होतो, म्हणून सांगतो. पातं भरून घ्यायचे ते उचलेल त्याच्या दीडपट. मग नुसत्या हातांनी उचलायचे, कंबर ताठ. फेकायचे वाऱ्याच्या तोंडावर, म्हणजे अर्धं परत. ते परत आलेलं जहांगीरच्या अंगावर. जहांगीरच्या छातीवरची वर्तमानपत्रं भिजून आवाज करेनाशी झाली. मुकादम वरून ओरडत होता, "ए दामाद! बर्फ परोस रहा है क्या?" मी बराच वेळ तोंड आवरलं. विहिरीवर कुणी असं केलं असतं तर मी त्याला वर पाठवून दिला असता. शेवटी आवरलं नाही.

"कमरेतून फेक बे! हात काय करतीन एकटे? पुरणपोळीवर तूप वाढून राह्यला का बे?"

बोलून गेलो आणि थांबलो. गावच्या जावयाला मी 'बे' म्हणालो होतो. जहांगीर माझ्याकडे पाहत होता. भगवंतराव बेलचा टेकून उभे होते. धापा टाकत होते, नाकातून पाणी गळत होतं.

"पुन्हा म्हण," ते म्हणाले.

"चुकलं, जवाईबुवा."

"चुकलं नाई. पुन्हा म्हण ना बे!"

"कमरेतून फेक बे."

त्यानं कमरेतून फेकला. गेला पलीकडे. अलकनंदेकडे उडत गेलेला तो मळका गोळा तो शेवटपर्यंत बघत राहिला. हिमालय पाहायला लोक लांबून येतात. याला एवढाच दिसला आणि पुरेसा वाटला.

मग जहांगीरही सुटला. "ए भगवंत्या, माह्याकडं आला ना पुन्हा, तं तुलेच गाडून टाकीन यात!" सहा वर्षांत कुणी त्याला गाडून टाकतो म्हणालं नव्हतं. तो मोठ्यानं हसला. त्याचं हसणं मी तोवर ऐकलंच नव्हतं.

संध्याकाळी मुकादमानं काम बंद केलं. हनुमानचट्टीवरच्या शेडमध्ये चहा घेताना भगवंताला ग्लास धरता येईना. तळहात उघडून पाहिले तर बोटांच्या मुळाशी फोड, अंगठ्याखाली फोड, दोन फुटलेले. हिंमतरावची डोकेदुखी तिथल्या तिथे गेली. "मेलो! काकूले काय दाखवाचं?"

"हेच," भगवंता म्हणाला आणि हात दिव्यापुढे धरून वळवून वळवून पाहू लागला. बायका नवी बांगडी पाहतात तसं.

दुसऱ्या दिवशी त्यानं हाताला फडकं बांधून बरं काम केलं. चांगलं नाही म्हणत, बरं. दुपारी वाट मोकळी झाली. दोन्ही बाजूंनी बर्फाच्या भिंती, खाली गुळगुळीत ओलं, फटफटीचं चाक जागच्या जागी फिरत होतं. भगवंतानं राजदूतला स्वतः किक मारली. तिसऱ्या किकला लागली. इंजिन चालू ठेवून, खाली उतरून, हँडल धरून त्यानं ती ढकलत पलीकडे काढली. एकदा घसरला, गाडीसकट आडवा झाला. मी पुढे धावलो तर म्हणाला, "हात लावशील तं याद राख." उठला, पुन्हा ढकलली. बुलेट मी ढकलली. हिंमतराव वर बसला होता आणि "जोर लाव" म्हणत होता.

बद्रीनाथला पोचल्यावर सगळ्यांनी गरम पाण्याच्या कुंडात अंघोळी केल्या. भगवंतानं हात बाहेर ठेवून केली. देवापुढे लोक हात जोडत होते. याचे जुळत नव्हते, त्यानं उघडेच पुढे केले. पुजाऱ्याला वाटलं प्रसाद मागतो, त्यानं तुळस ठेवली. जहांगीर बाहेर फटफट्यांपाशी बसून समोरचा बर्फाचा डोंगर पाहत होता. "तुमचा देव कसा हाय?" त्यानं विचारलं. "गर्दी हाय," मी म्हणालो. "मंग हे बरं," तो डोंगराकडे बोट दाखवून म्हणाला.

परतीची वाट वेगळीच झाली. हिंमतरावला फोड गावात पोचायच्या आत बरे करायचे होते. भगवंताला ते गावात पोचेपर्यंत टिकवायचे होते. मिरगाच्या आधी पोचायचं आणि मामाजींपुढे हात उघडायचे, एवढंच त्याच्या डोक्यात. हिंमतरावनं हृषीकेशला तूप आणि हळद घेतली, भगवंताला झोपेत गाठून हात माखले. भगवंतानं सकाळी उठून राखेनं धुतले. ग्वाल्हेर यायच्या आधी हिंमतरावनं कापडी हातमोजे आणले. ते चंबळच्या पुलावरून खाली गेले. बऱ्हाणपूरच्या अलीकडे, सपाट रस्त्यावर, भर दुपारी, भगवंतानं चालती फटफटी बंद केली, जहांगीरला उतरवलं आणि ढकलायला लागला.

"बिघडली का?" जहांगीरनं विचारलं.

"नाई."

"मंग?"

"हात सुकून राह्यले."

जहांगीर त्याच्या शेजारून चालू लागला. "पागल हाय बे तू," तो म्हणाला. पण ढकलायला त्यानं हात लावला नाही. तेवढी रीत त्याला कळत होती.

गावात शिरलो तेव्हा तानुबाई पायावर घालायला पाणी घेऊन दारात होत्या. बाया जमल्या होत्या. किसनराव ओट्यावर बसले होते. शेतं नांगरून, वखरून तयार होती, ढग येऊन जात होते. किसनरावांनी आमच्याकडे पाहिलं, जावयाकडे नाही.

"काय रे, आपल्या ताकदीनं गेले का जवाईबुवा?"

हिंमतराव पुढे झाला. त्याची नजर तानुबाईंवर होती. "काका, बोट लावू देल्लं नाई आम्ही त्याइले. फुलासारखं नेलं, फुलासारखं आणलं."

तानुबाईंचा चेहरा फुलला. किसनरावांचाही. "मंग तं शर्त गेली. आपल्या ताकदीनं कुठी गेले मंग?" सासूची आण पाळली की सासऱ्याची अट मोडत होती. किसनराव शेतकरी होते, दोन्हीकडून बांध घालून बसले होते.

जहांगीर राजदूतची चेन पाहू लागला. चेन चांगली होती. भगवंता माझ्याकडे पाहत होता. हात त्यानं मुठीत धरले होते.

आण मी पाळली असती. पण कुणी केलेलं काम केलं नाही म्हणून सांगायचं, हे माझ्यानं होत नाही. आणि न केलेलं केलं म्हणून सांगायचं, हेही नाही.

"पयल्या दिवशी यानं बर्फ उपसला," मी म्हणालो. "खराब उपसला. अर्धा जहांगीरच्या अंगावर टाकला. दुसऱ्या दिवशी बरा उपसला. गाडी यानं एकट्यानं बर्फावरून काढली, एकदा पाडली. हिंमतरावची मी काढली, हिंमतराव वर बसून होता."

तानुबाईंनी हातातलं पाणी खाली ठेवलं. मग तानुबाई म्हणाल्या, "यानं? कोणाले यानं म्हणून राह्यला रे तू? जवाईबुवाले?"

फोडांच्या आधी त्यांना तेच लागलं होतं. मग त्यांनी जावयाच्या मुठी उघडल्या. "अवो माय! हे हात! माह्या लेकीच्या कुंकवाची आण मोडली बे तुम्ही!" बायांनी तोंडाला पदर लावले. हिंमतराव बुलेटच्या मागे गेला.

किसनरावांनी जावयाचा हात हातात घेतला. बाजारात बैलाचा खूर दाबून पाहतात तसा अंगठ्यानं दाबून पाहिला. जुने फोड, नवे फोड, एके ठिकाणी घट्टा धरू लागलेला. त्यांच्या अंगठ्याला खोटं कळलं असतं. खोटं नव्हतं.

"खरे हायेत," ते म्हणाले. मग हात हळूच सोडून दिला. "पण असे हात घेऊन तिफण कशी धरान? बरे होऊ द्या. पुढच्या साली पाहू."

म्हणजे हात मऊ होते तेव्हा काम जमणार नव्हतं आणि काम जमलं तेव्हा हात चालणार नव्हते. भगवंता राजदूत आत लावायला गेला. सालदार धावला, त्यानं सालदाराला लावू दिली. मला ते पाहवलं नाही, मी घरी आलो.

मी निघालो तेव्हा त्याची बायको कोकिळा तिथं दाराशी उभी होती. ती काही बोलली नव्हती. आमच्याकडे बायकांचं न बोलणं धरूनच चालतात, म्हणून तिच्याकडे कुणी पाहिलं नाही.

मृग लागला, ओल झाली, सगळ्या शिवारात तिफणी निघाल्या. किसनरावांच्या शेताला लागून एका विहिरीचं मी काम धरलं होतं, त्यामुळे पुढचं सगळं मला काठावरून दिसलं. पेरणीत एक माणूस तिफण धरतो आणि एक बाई मागून चाड्यात, म्हणजे तिफणीवरच्या लाकडी वाटीत, मुठीनं बी सोडत चालते. किसनरावांच्या घरची रीत अशी की पहिली मूठ लेकीच्या हातची. लेक एकच. सालदारानं बैल जुंपले, तिफण धरली. कोकिळा ओटीत ज्वारी घेऊन आली आणि बांधावर बसली.

"चाल ना बाई," किसनराव म्हणाले.

"तिफण त्याइले द्या."

"त्याइचे हात बरे नाई झाले अजून."

"मंग माह्याही हाताले बरं नाई."

किसनराव हसले. ती हसली नाही. शेजारच्या शेतातल्या तिफणी थांबल्या. ऊन चढत होतं, वरची ओल सुकत होती. बैल माश्या हाकलत उभे होते. तानुबाई न्याहारी घेऊन आल्या होत्या, त्यांनी टोपलं खाली ठेवलं. "अवो पोरी, असं काय करतं? तुह्या कुंकवाची आण घातली होती मी सगळ्याइले!"

"माह्या कुंकवाची आण," कोकिळा म्हणाली, "अन् मले इचारलं कोणी? बसून बसून माहं कुंकू खराब होऊन राह्यलं. थोडं काम करू द्या त्याले."

भगवंता बांधाच्या टोकाला उभा होता. त्यानं शाल पांघरली नव्हती, कानटोपी नव्हती, तेवढीच त्याची तयारी. किसनरावांनी आभाळाकडे पाहिलं. मातीत बोट घालून ओल पाहिली. लेकीकडे पाहिलं. मग सालदाराला म्हणाले, "सोड रे तिफण."

सालदारानं सोडली. तोंडात शेण घालायला गावातलं कुणी आलं नाही. सगळे आपापल्या पेरणीत होते.

तास, म्हणजे तिफणीनं ओढलेली पेरणीची रेघ, वाकडं निघालं. मी खोटं सांगणार नाही. सुरुवातीला बरं होतं, मधे बैल डावीकडे ओढले गेले, यानं जास्त जोर लावून उजवीकडे घेतलं, मग पुन्हा डावीकडे. हातांना फडकी बांधली होती, तीन ठिकाणी थांबून त्यानं ती आवळली. मागून कोकिळा बी सोडत होती, वाकड्यात वाकडी चालत. वळणावर ती काही बोलली, तो काही बोलला. मला ऐकू आलं नाही. दुसरं तास पहिल्यापेक्षा बरं होतं. दुपारपर्यंत बरीच सुधारणा झाली, पण पहिलं तास तसंच राहणार होतं. पेरलेलं पुसता येत नाही.

ज्वारी उगवली तेव्हा ते तास मोताळ्याच्या रस्त्यावरून दिसू लागलं. सगळी तासं सरळ आणि बांधाजवळचं एकच असं लवत, वळत, पुन्हा लवत गेलेलं. येणारेजाणारे थांबून पाहायचे. एका सकाळी हिंमतराव बुलढाण्याला निघाला होता. त्यानं बुलेट रस्त्याच्या कडेला लावली आणि बसल्या जागेवरून ओरडला, "काय बे भगवंत्या! हे तास हाय का देवप्रयागचं वळण?"

भगवंता डवरं धरून तासांमधलं तण काढत होता. त्यानं डवरं थांबवलं, कमरेवर हात ठेवले आणि पूर्ण शिवाराला ऐकू जाईल असं ओरडला, "उतर ना बे खाली! ये, तू काढून दाखव सरळ!"

मी विहिरीच्या काठावर बसून वाट पाहिली. हिंमतराव उतरला नाही.